चौकातल्या घड्याळाला सेकंद कशाला पाहिजेत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या तालुक्याच्या पानावर कोपऱ्यात एक छोटी बातमी होती, की आमच्या मेन चौकातलं बंद पडलेलं घड्याळ काढून तिथे नवीन एलईडी घड्याळ बसणारे, लांबून दिसणारं, सेकंदासकट आकडे दाखवणारं आणि सॅटेलाइटवरून आपली आपण वेळ लावून घेणारं. बातमी वाचून बरं वाटायला पाहिजे होतं पण खरं सांगू का, मला प्रश्नच पडला की हे कोणासाठी? त्या चौकात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, वडापाववाल्याकडे आहे, रिक्षावाल्याकडे आहे, शाळेतल्या पोरांकडे पण आहे (नसायला पाहिजे तरी आहे), आणि सगळ्यांच्या मोबाईलवर तेवढीच बरोबर वेळ फुकटात दिसते. मग तीच वेळ दहा फुटांच्या बोर्डावर लाल अक्षरात परत दाखवायला नगरपालिकेने पैसे का घालवायचे?

माझं म्हणणं असं नाहीये की घड्याळ नको. घड्याळ पाहिजेच. पण बरोबर वेळ सांगायचं काम आता मोबाईलने घेतलंय ना, तर चौकातलं घड्याळ त्या कामातून मोकळं झालंय. आता त्याने दुसरं काहीतरी सांगावं, म्हणजे वेळ किती झाली हे नको, वेळ जाते कशी ते सांगावं. हे ऐकायला जरा हवेतलं वाटेल, म्हणून कुठून सुचलं ते सांगते.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. पेशंट आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा येतात, वजन करतात, हातावरच्या फिस्टुलात (ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीत) दोन सुया जातात आणि साधारण चार तास हात न हलवता खुर्चीत. बरीच वर्षं हे काम करतेय त्यामुळे चार तास म्हणजे काय हे मी रोज बघते, आणि छातीठोक सांगते की घड्याळातले चार तास आणि खुर्चीतले चार तास ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पहिला तास गप्पांत जातो, चहा पोहे राजकारण. दुसऱ्यात डुलकी लागते. तिसऱ्यात चुळबूळ सुरू. आणि चौथा तास, ज्यात अंगातलं पाणी बऱ्यापैकी निघालेलं असतं आणि पायात गोळे यायला लागतात, तो तास संपतच नाही. मशीनवर "उरलेला वेळ ०:२२" दिसतं, पेशंट मान वळवून बघतो, मग खूप वेळाने परत बघतो तर ०:२१.

आणि गंमत बघा, हेच पेशंट बोलता बोलता म्हणतात की अहो मॅडम वर्ष कधी गेलं कळलंच नाही. चार तास जात नाहीत आणि वर्ष मात्र कुठे गेलं पत्ता नाही! मला आधी हे बोलायची पद्धत वाटायची, मग पटलं की खरंच तसं होतं. बसल्या जागी करायला काही नसलं की तास लांबतो, आणि सगळे दिवस एकसारखे असले की मागे वळून बघताना आठवायला काही सापडत नाही म्हणून महिने आकसतात. २००७ साली अमेरिकेत डेव्हिड ईगलमन या मेंदूशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना ३१ मीटर उंचीवरून खाली जाळ्यात सोडून दिलं होतं (स्वखुशीने तयार झालेले लोक हां) आणि नंतर विचारलं की पडायला किती वेळ लागला वाटतं, तर दुसऱ्याला पडताना बघून केलेल्या अंदाजापेक्षा स्वतःचं पडणं त्यांना सरासरी ३६ टक्के जास्त लांब वाटलं. पण पडताना त्यांना डोळ्यांनी काही जास्त बारीक दिसत होतं का तर नाही. म्हणजे वेळ त्या क्षणी हळू झाली नव्हती, भीतीत आठवणी दाट जमा झाल्या म्हणून नंतर लांब वाटली. आमच्याकडे बरोबर उलटं, आठवणीच जमा होत नाहीत.

आता घड्याळाकडे येते. आमच्या वॉर्डात घड्याळ नेमकं खुर्च्यांच्या समोरच्या भिंतीवर होतं. मी म्हटलं हे मागच्या भिंतीवर लावूया, बघितलं नाही तर वेळ पटकन जाईल. लावलं. तर अर्ध्या पेशंटनी धिंगाणा घातला की घड्याळ कुठाय, परत लावा, कारण दिसत नाही म्हटल्यावर तर अजूनच जात नाही. डेव्हिड मेस्टर नावाच्या माणसाने १९८५ मध्ये रांगेत थांबण्याच्या मानसिकतेवर लिहिलंय, की रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो आणि किती थांबायचंय हे माहीत नसलेला वेळ माहीत असलेल्यापेक्षा लांब वाटतो. ज्याने एसटी स्टँडवर "येईल आता" ऐकत गाडीची वाट बघितलीय त्याला हे वेगळं सांगायला नको.

मार्ग काढला तो एका आजोबांनी. ते रिटायर्ड एसटी ड्रायव्हर, आयुष्यभर कोल्हापूर पुणे मारलेलं. ते घड्याळाकडे बघायचेच नाहीत. विचारलं किती वेळ राहिला आजोबा, तर म्हणायचे "कराड गेलं." सुई लागली की गाडी कोल्हापूरहून सुटली, मग किणी, पेठ नाका, कराड, उंब्रज, सातारा, भुईंज, खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, खेड शिवापूर, कात्रज, आणि मशीन बंद म्हणजे स्वारगेट. पायात गोळे आले की म्हणायचे "खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर लाईन लागलीय, हलंना गाडी." सीझनला सांगायचे की भुईंजजवळ उसाच्या गाड्यांनी रस्ता अडवलाय. शेजारच्या खुर्च्यांवरचे पण विचारायला लागले, आजोबा कुठपर्यंत आलो?

मग मी आणि माझ्या मुलाने घरी एक घड्याळ केलं. साधं सेलवरचं भिंतीचं घड्याळ घेतलं, काच काढली, सेकंद काटा आणि मिनिट काटा उपटून टाकला, नुसता तास काटा ठेवला आणि आकड्यांवर पांढरा कागद चिकटवला. आमच्या दिवसाच्या दोन शिफ्ट आहेत, ७ ते ११ आणि १२ ते ४, म्हणून सातच्या जागेपासून अकराच्या जागेपर्यंत कोल्हापूर ते पुणे लिहिलं आणि बारापासून चारपर्यंत पुणे ते कोल्हापूर परतीचा रस्ता. आजोबांनी तपासून दिलं आणि चूक पण काढली, की येताना बोगदा लागत नाही, पुण्याकडून येताना घाट चढावा लागतो, बोगदा फक्त जाताना. मग दुसऱ्या बाजूला घाट काढला. तास काटा एवढा सावकाश सरकतो की तो सरकताना दिसतच नाही, त्यामुळे टक लावून बघण्यात अर्थ राहत नाही, थोड्या वेळाने बघितलं की गाव बदललेलं असतं. सगळ्यांना आवडलं असं नाही हां. एक काकू म्हणाल्या मला काय करायचंय तुमचं खंबाटकी, मी कधी त्या रस्त्याने गेले नाही, माझं आपलं कणीक मळून झाली, भाजी फोडणीला पडली, असं चालतं. त्यांचं पण बरोबरच आहे, त्यांच्यासाठी दुसरं घड्याळ पाहिजे. तसं बघितलं तर आपल्या घराघरात असं एक घड्याळ आहेच, कुकर. डाळीला किती मिनिटं लागतात हे कोणी सांगत नाही, तीन शिट्ट्या सांगतात, आणि फोनवर बोलता बोलता सुद्धा कान शिट्ट्या मोजत असतो.

हे सगळं केल्यावर मी नेटवर शोधायला लागले की अजून कोणी असली घड्याळं केलीत का, तर मोठमोठ्या लोकांनी केलीत! इंग्लंडात केंब्रिजला कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजच्या भिंतीवर रस्त्याकडे तोंड करून एक सोन्याचा मुलामा दिलेलं घड्याळ आहे, दीड मीटरची तबकडी, काटे नाहीत, फटींमधून निळा उजेड पळतो आणि वर टोळासारखा एक भयंकर किडा बसलेला आहे जो मिनिटं खातो. जॉन टेलर नावाच्या गृहस्थांनी ते करून घेतलं, पाणी उकळलं की आपोआप बंद होणाऱ्या इलेक्ट्रिक किटलीतला भाग ज्यांनी शोधला तेच. २००८ मध्ये स्टीफन हॉकिंगच्या हस्ते उद्घाटन झालं. आणि यातली मजा ही की ते घड्याळ मुद्दाम चुकतं. मध्येच मंद होतं, मध्येच थबकतं, मग धावत जाऊन गाठतं, आणि अगदी बरोबर असतं फक्त दर पाच मिनिटांनी एकदा. अहो आमचा चौथा तासच आहे तो! आपल्याकडे असलं घड्याळ बसवलं तर दुसऱ्या दिवशी तुमच्याच पेपरात "लाखोंचं घड्याळ चुकतंय" अशी बातमी येईल, ते सोडा.

दुसरं आहे ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर, मार्टेन बास नावाच्या डच डिझायनरचं, २०१६ चं. मोठ्या गोल घड्याळाच्या आत निळ्या डांगरीतला एक माणूस उभा आहे असं दिसतं आणि तो दर मिनिटाला काटा पुसून ब्रशने नवीन काटा रंगवतो. खरं तर बारा तासांची फिल्म आहे, पण बघणाऱ्याला वाटतं आत खरंच कोणीतरी राबतंय. विमानाची वाट बघणाऱ्यांना बघायला एक माणूस मिळाला ना, रिकामा वेळ भरला. नॉर्वेच्या डिझायनरांनी तर तबकडीच नसलेलं मनगटी घड्याळ केलं, ते दर पाच मिनिटांनी नुसतं थरथरतं. कधी वाटतं आत्ताच तर थरथरलं होतं, कधी वाटतं बिघडलं की काय. पाच मिनिटं तीच, पण वर्ल्ड कपच्या फायनलमधली वेगळी आणि मिटिंगमधली वेगळी.

आणि एक मला फार लागलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. फेलिक्स गोन्झालेझ टोरेस नावाच्या कलाकाराने दुकानातली दोन साधी भिंतीवरची घड्याळं एकाला एक चिकटवून लावली, दोन्हीत एकच वेळ. त्याचा जोडीदार एड्सने आजारी होता, १९९१ मध्ये गेला. सेलवरची घड्याळं कितीही सारखी लावली तरी हळूहळू एक मागे पडतंच. वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसलेल्या नवरा नाहीतर बायकोकडे बघून मला आता ते आठवतं.

म्हणाल हे सगळं फॉरेनचं, आपल्याकडे काय? आपल्याकडे तर ढीग आहे. लग्नात घटिकापात्र असायचं, अजून काही घरांत हौसेने ठेवतात, घंगाळात पाणी आणि त्यावर बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. भरून बुडाली की एक घटका, २४ मिनिटं. मंडपातले सगळे त्या वाटीकडे बघत असायचे, तिथे वेळ चढताना डोळ्यांना दिसायची. जयपूरच्या जंतरमंतरमध्ये सम्राट यंत्र २७ मीटर उंच आहे, त्याची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, म्हणजे तिथे उभं राहून पृथ्वी फिरतेय हे बघता येतं. छत्तीसगडमधले गोंड लोक उलट्या दिशेने फिरणारी घड्याळं वापरतात, आमचा नाच, आमचे वेल ज्या बाजूने फिरतात त्या बाजूने घड्याळ फिरणार असं म्हणतात. मुंबईचा राजाबाई टॉवर घ्या, १८७८ साली बांधून पूर्ण झाला, पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव दिलं त्यांच्या आईचं. असं सांगतात की आईला दिसत नव्हतं, आणि जैन असल्यामुळे सूर्यास्ताच्या आत जेवायचं असायचं, ती वेळ त्यांना घंटेवरून कळायची. खरंखोटं देव जाणे, पण टॉवरमागे एका म्हातारीची जेवायची वेळ आहे ही कल्पनाच किती छान आहे.

आणि अगदी जवळचं, आपल्या सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि दीड तास टीव्ही मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला. मी म्हणते तेच हे. भोंगा सात वाजले असं सांगत नाही, आता बस आणि वाच असं सांगतो. ह्याला डिझायनर लागला नाही, ग्रामपंचायत लागली.

आता काही जण म्हणतील की बाई, आपल्या लोकांना आधीच वेळेची शिस्त नाही आणि तुम्ही चुकणारी घड्याळं लावा म्हणताय. तर असं आहे की माझं मशीन मी कधी चुकू देणार नाही, तिथे एक मिनिट म्हणजे एक मिनिट. रेल्वेचं पण चुकू नये, ८.४७ ची लोकल ८.४७ लाच सुटावी. पण सगळ्या भिंतींवर तेच कशाला? आणि तसं बघायला गेलं तर आपलं "बरोबर" घड्याळ पण आकाशाशी तडजोड करूनच बरोबर आहे. भारताची प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती आणि मुंबईकरांनी नव्या वेळेला एवढा विरोध केला की मुंबई टाइम स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालू होता. आजही नागपूरला सूर्य डोक्यावर आल्यावर मुंबईला यायला साधारण २५ मिनिटं लागतात, घड्याळं मात्र दोन्हीकडे एकच. आमच्या गावात सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी साडेबाराच्या पुढेमागे, बाराला नाही. जपानमध्ये १८७३ पर्यंत तर दिवसाचे सहा भाग आणि रात्रीचे सहा भाग करायचे, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाचा तास मोठा आणि थंडीत छोटा, आणि त्या हिशोबाने घड्याळं जुळवून घेणारे कारागीर होते. बरोबर वेळ म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलेली वेळ, तेवढंच.

म्हणून नगरपालिकेला माझी विनंती आहे, टेंडर काढलं नसेल तर थोडं थांबा. चौकात एकच काटा असलेलं, २४ तासांत एकदा फिरणारं मोठं घड्याळ लावा, आणि त्यावर आकड्यांऐवजी गावाचा दिवस लिहा. पहाटेची पहिली एसटी, डेअरीला दूध घालायची वेळ सकाळची आणि संध्याकाळची, शाळेची घंटा, बाजार भरतो ती वेळ, दिवेलागण. सूर्य खरंच डोक्यावर येतो ती खूण सगळ्यात वर. काय काय लिहायचं हे गावाला विचारा, भांडणं होतील, होऊ देत, कुठलं दुकान उघडायची वेळ घड्याळावर घ्यायची यावरून तर नक्की होतील. चित्र काढायला शाळेतले चित्रकलेचे सर आहेत, नाहीतर पवईला आयआयटीत डिझाईनचं आयडीसी आहे, मुंबईला जे. जे. कला महाविद्यालय आहे, मुलांना प्रोजेक्ट म्हणून द्या, आवडीने करतील. आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी दिवसातून चार वेळा टोल वाजू दे, जुन्या घड्याळाची घंटा अजून वर टांगलेलीच आहे, फक्त ती वाजवणारी मशिनरी गेलीय. सरकारी दवाखान्याच्या आणि तहसीलच्या वेटिंगमध्ये तर अशा घड्याळांची खरी गरज आहे, पण तिथे आधी बसायला बाक द्या, मग घड्याळाचं बघू.

आमचं कोल्हापूर पुणे घड्याळ अजून वॉर्डात आहे. आजोबा आता नाहीत. परवा नवीन आलेल्या एका मुलाने विचारलं ह्यात मुंबई का नाही, त्याला चार तास पुरत नाहीत का, तर एकाने सांगितलं की मुंबईला जायला किडनी बदलावी लागते. सगळे हसले, तो पण हसला.

तुमच्याकडे पण एक मागणं आहे. तुम्ही रोज पंचांगाच्या चौकटीत सूर्योदय सूर्यास्त छापताच, त्याखाली एक ओळ वाढवा, आज दिवस कालपेक्षा किती मोठा किंवा किती छोटा झाला ती. आपल्याकडे डिसेंबरात दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि जूनमध्ये तेराच्या थोडा पुढे जातो, म्हणजे सहा महिन्यांत साधारण दोन तासांचा फरक पडतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. माझ्या पेशंटना ती ओळ मी रोज वाचून दाखवेन. जागा नसेल तर राशिभविष्यातली एखादी रास कमी केली तरी चालेल, फक्त कन्या सोडून, ती माझी आहे.

आपली,
एक वाचक (डायलिसिस टेक्निशियन)